आवडीची सायकल आणि कोंडीरामचं वंगण

आवडीनं दूध देणारी शेळी देऊन जुनी सायकल आणली, तेव्हा शिरसवाडीत दुसरा विषयच नव्हता. चव्हाट्यावर तेच, विहिरीवर तेच. आणि सायकल तरी कसली म्हणता? मोरू पोस्टमननं तिच्यावर बसून चौक गावापासून खालापूरपर्यंतची गावं वर्षानुवर्षं पालथी घातलेली. काळा रंग कुठं संपतो आणि गंज कुठं सुरू होतो ते कळायचं नाही. सीटला मोरूच्या बैठकीचा खड्डा पडलेला, मागचं मडगार्ड तारेनं आवळलेलं. त्यात पुरुषी सायकल, मधे ही आडवी दांडी! सतरा वर्षांच्या पोरीनं त्यावर बसायचं कसं, हा प्रश्न अख्ख्या गावाला पडला होता. आवडीला मात्र नव्हता पडला.

तिची काळजी वेगळी होती. चौऱ्याहत्तर साल ते. रसायनीच्या एका औषध कारखान्यात बाटल्या भरायला, लेबलं चिकटवायला पोरी घेत होते. आवडी सातवी पास, हाताला चपळ, तिला लगेच घेतलं. पण कच्ची. सुपरवायझर बाईंनी निवडीच्या दिवशीच सगळ्या पोरींना रांगेत उभं करून बजावलं होतं, "आठला गेट बंद. त्यानंतर आलात तर आल्या पावली घरी जायचं, तो दिवस खाडा. तीन महिन्यांत एकही खाडा नसेल तिचं नाव पक्क्यात. खाडा झाला की पुन्हा पहिल्यापासून तीन महिने." आणि शिरसवाडीची पहिली एसटी निघायचीच मुळी आठला. चालत जाऊन चालत यायचं म्हटलं तर पोरगी दिवसभर कामाला उभी राहणार कशी? म्हणून सायकल. ती नसली तर नोकरी नाही, इतकं सरळ होतं.

आणि नोकरी कशासाठी, तर आईसाठी. पुतळाबाई दरसाल दिवाळी झाली की पाताळगंगेच्या काठच्या वीटभट्टीवर रोज कामाला जायची ती पार आगोटीपर्यंत, पाऊस तोंडावर येईस्तोवर. दिवसभर डोक्यावर विटांची पाटी. टाळूवरचे केस विरळ झाले होते, मान अशी आखडली होती की मागून हाक मारली तर बिचारी अख्खं अंग वळवून बघायची. आवडी दोन हंगाम तिच्याबरोबर भट्टीवर गेली होती, त्यामुळे ती पाटी किती जड असते हे तिला कुणी सांगायला नको होतं. आपण पक्कं व्हायचं आणि आईच्या डोक्यावरची पाटी उतरवायची, बास. दुसरं काही तिच्या मनातच नव्हतं.

मोरू पोस्टमनला तेव्हा पेन्शन लागली होती आणि त्याचा गुडघा कामातून गेला होता. घरात सून बाळंत झालेली, तिला दूध नाही, बाळ रात्रंदिवस रडतंय. हे कानावर आलं तशी आवडी आपली शेळी दाव्याला धरून त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. ती शेळी तिची स्वतःची, पिल्लू असल्यापासून पाला घालून वाढवलेली. मोरूनं शेळीची कास बघितली, आवडीनं सायकलची चाकं बघितली, आणि दोघांनी मान डोलावली. झाला सौदा. पण मोरू मोठा काळजी घेणारा माणूस. सायकल द्यायच्या आधी त्यानं पोरीला समोर बसवलं आणि चाकाच्या मधल्या हबवरची बारीक पत्री नखानं सरकवून दाखवली.

"ह्ये भोक दिसतंय? ह्यात शिवणयंत्राचं तेल. दोन थेंब. दुसरं कायबी घालायचं नाय गं बाय. खोबरेल नाय, इंजनाचं काळं तेल नाय. आत छर्रे हायत, बारीक लोखंडी गोळ्या, त्यांना कचरा चालत नाय. समजलं?"

"समजलं," आवडी म्हणाली. आणि तिला खरंच समजलं होतं, हे लक्षात ठेवा.

आता घरातली गंमत. आवडीचा बाप कोंडीराम हा गाडीवान. गवताच्या पेंढ्या, भाताची पोती, जे मिळेल ते बैलगाडीनं चौकपर्यंत, कधी कर्जतच्या स्टेशनापर्यंत पोचवायचा. अंगानं काटकुळा, पण ताठा असा की तलाठ्यालासुद्धा हा वाकून रामराम करायचा नाही. आणि त्याचा सगळा ताठा कशावर, तर वंगणावर. चांगला पेंढा जाळायचा, त्याची मऊ राख चाळायची, करंजाच्या तेलात ती तळहातानं मळायची आणि बांबूच्या नळकांड्यात भरून गाडीखाली टांगायची. हे काय, सगळेच गाडीवान करत. पण कोंडीरामच्या हाताचं वंगण घातलं की गाडी वर्षभर हूं की चूं करत नसे. आजूबाजूच्या गावांतले लोक हंगामाच्या तोंडावर आपापल्या गाड्या त्याच्या अंगणात आणून लावत. कुरकुरणारी गाडी वाटेनं दिसली, की हा भर रस्त्यात गाडीवानाचा उद्धार करायचा.

तर असा हा माणूस. त्यानं दारात सायकल बघितली आणि त्याचं डोकंच फिरलं. "दूध देणारं जनावर घालवलंन् आन् लोखंड आणलंन्! बापाची गाडी दाराशी हाय ती काय मेलीय?" एवढं बोलला आणि पुढं तोंडाला कुलूप. सायकलीकडं बघायचा नाही. अंगणात ती वाटेत असली तर वळसा घालून जायचा. आवडीशी बोलायचा, पण जेवणाखाण्यापुरतं. पोरीला ते फार लागायचं. बापाची ती लाडकी, बैलांना पाणी दाखवायला लहानपणापासून त्याच्या मागं मागं असायची.

दांडीचा प्रश्न सोडवला तो पुतळाबाईनं. "आवणीला आपण नेसतो तसं नेस की गं!" भाताची रोपं लावताना बाया लुगड्याचा काष्टा घट्ट मारून ते गुडघ्याच्या वर खोचतात, तसं. चिखलात दिवसभर वाकून काही सुटत नाही, ते सायकलीवर काय सुटणार? आवडीनं आईचं जुनं लुगडं तसं नेसलं, दांडीवरून टांग टाकली, आणि बसली की! शाळेच्या मैदानात शिकायला लागली. मोरू गुडघा धरून कडेला उभा राहून ओरडायचा, "फुडं बघ! चाकाकडं नको, फुडं बघ!" एकदा तर ती बांधावरून थेट शेजारणीच्या खाचरात गेली, कोवळ्या रोपांत सायकलीसकट आडवी. शेजारीण जी काही बोलली ते लिहिण्यासारखं नाही. पण श्रावणात कामावर हजर व्हायचं होतं, तोवर पोरगी शिकली. रोज सकाळी चौकवरून मोहोपाड्याच्या वाटेनं कारखान्यात जायची, गेटच्या अलीकडं झाडाआड उतरून लुगडं खाली सोडायची आणि मग शहाण्या मुलीसारखी आत जायची.

श्रावणात खाडा नाही. भाद्रपदात नाही. पण पाऊस होता तो. रोजचं पाणी, रोजचा चिखल, त्यानं हबातलं तेल धुऊन नेलं आणि मागचं चाक लागलं ओरडायला. कुईं, कुईं, कुईं. मोरूनं दिलेली तेलाची बुधली संपलेली, नवी आणायला आवडीला उसंत नव्हती. संध्याकाळी ती नाक्यावर असली की घरी कळायचं, पोरगी आली. गाववालेही काही कमी नाहीत. "कोंडीरामदा, तुमच्या घरची गाडी वराडते वो!" म्हणून त्याला डिवचायचे. कोंडीरामचं तोंड कडू व्हायचं.

एका रविवारी आवडी विहिरीवरून भरलेली कळशी घेऊन आली आणि दारातच थबकली. अंगणात सायकल उलटी करून ठेवलेली. बाप तिच्यापाशी उकिडवा बसलेला. त्याच्या मांडीवर वंगणाचं नळकांडं, हातात बांबूची काडी. पत्री सरकवून, त्या बारीक भोकातून तो काडीनं वंगण आत ठासत होता. चाक फिरवायचा, थोडं ठासायचा, कान लावून ऐकायचा, पुन्हा ठासायचा. बैलाच्या जखमेला हळद लावावी इतक्या मायेनं.

आवडी सांगणारच होती. बाबा, ते नको, त्यात राख हाय, मोरूकाकानं सांगितलंय. पण कोंडीरामनं मान वर केली आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा पोरीकडं बघून हसला.

"आवाज करत व्हती. माझ्या घरची गाडी आवाज करत फिरंल व्हय?" त्यानं चाकाला झोका दिला. चाक मुकाट फिरलं. "बघ! आता वरीसभर बघाया नको."

काय करणार होती पोरगी? तुम्ही काय केलं असतं? ती म्हणाली, "लय बेस झालं, बाबा." आणि त्या दिवशी ती इतकी खुशीत होती की भाकऱ्या थापता थापता गाणं गुणगुणत होती. बाप तिच्याशी पुन्हा पहिल्यासारखा बोलायला लागला. संध्याकाळी नाक्यापर्यंत यायचा, सायकल हातात घ्यायचा, आणि रस्त्यानं जो भेटेल त्याला सांगायचा, "वंगण माझ्या हातचं हाय."

पण चाक हळूहळू जड व्हायला लागलं. आधी तिला वाटलं, पाय दुखतात. मग वाटलं, वारा समोरून आहे. कुणाला फसवत होती? पायडल मारताना आत काहीतरी दळल्यासारखं लागायचं. चौकला सहदेव मिस्त्रीचं दुकान वाटेतच होतं. तिथं हब खोलून घेतलं असतं तर काम भागलं असतं. पण सहदेवच्या दुकानात झालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत शिरसवाडीत पोचायची. कोंडीरामच्या वंगणानं पोरीची सायकल बिघडली, हे गावानं चघळायचं आणि बापानं ऐकायचं? ते तिला सोसणार नव्हतं. थोडेच दिवस राहिलेत, एवढे निघू देत रे देवा, मग गुपचूप बघू, असं म्हणत ती रेटत राहिली.

नाही निघाले. आश्विन सरत आला होता, तीन महिने भरायला आठवडासुद्धा उरला नव्हता. मोहोपाड्याच्या अलीकडं, आजूबाजूला चिटपाखरू नाही अशा ठिकाणी मागचं चाक कटकन वाजलं आणि जागच्या जागी अडकलं. आवडी दांडीवर आपटून रस्त्यावर पडली. उठली, चाक हातानं फिरवून बघितलं. हलेना. लाथ मारली, हलेना. मग तिनं मागचा भाग उचलून धरला आणि सायकल ढकलत पळायला लागली. घामानं निथळत, काष्टा सुटतोय तो एका हातानं धरत गेटशी पोचली, तेव्हा आतून कडी लागलेली होती.

सुपरवायझर बाई वाईट नव्हत्या. तिचे सोललेले कोपर बघून त्या स्वतः गेटपर्यंत आल्या. "तुझं काम चांगलं आहे गं, पण एकीला सूट दिली तर उद्या सगळ्या मागतील. पुन्हा तीन महिने काढ." आवडीनं मान डोलावली. त्या आत वळेपर्यंत धीर धरला आणि मग कुंपणाशी बसून ढसाढसा रडली. नोकरी गेली नव्हती, हे खरं. पण दिवाळी तोंडावर आली होती. म्हणजे आई पुन्हा भट्टीवर जाणार होती.

घरी आल्यावर कोंडीरामनं विचारलं, "काय झालं गं?"

"चेन तुटली," आवडी म्हणाली.

गाडीवानाला असं फसवता येत नाही. त्यानं चेन बघितली, ती धडधाकट. मग त्यानं मागचं चाक फिरवायला हात लावला, तर ते जागचं हलेना. दुसऱ्या दिवशी सकाळी बैल जुंपले, सायकल गाडीत घातली आणि म्हणाला, "बस. चौकला जाऊ." आवडी गाडीत चढली. तो दिवसही खाडाच होणार होता, पण महिने तर आता नव्यानंच मोजायचे होते.

सहदेव मिस्त्री म्हणजे बोलायला एकदम फटकळ. दुकानात चारदोन गिऱ्हाइकं असली की त्याला जोर यायचा. त्यानं पान्ह्यानं हब खोललं आणि आतून काळाकुट्ट राबडा बाहेर आला. त्यात छर्रे, काही झिजून चपटे झालेले, एक तर फुटून दुसऱ्यांच्या मधे रुतलेला. सहदेवनं तो राबडा बोटावर घेऊन चुरगाळला.

"आरं द्येवा! ह्यात राख हाय! गाडीचं वंगण भरलंय कुनीतरी छर्‍यांत! जात्यात वाळू घातल्यावानी! कुना शहाण्याचं काम ह्ये?"

गिऱ्हाइकं हसली. कोंडीराम बैलांच्या जवळ उभा होता, त्याचा चेहरा पडला.

"मी भरलं," आवडी झटकन बोलली. "मला वाटलं चालंल. माझीच चूक झाली."

"तरीच!" सहदेवला तेवढंच हवं होतं. "बायामानसाच्या हातात यंत्र दिलं की ह्येच व्हनार. तुला शेळ्या राखायला काय झालं व्हतं गं?"

पोरीनं खाली मान घातली आणि ऐकून घेतलं. आणि मग कोंडीराम पुढं आला. ज्यानं जन्मात कुणापुढं "चुकलं" हा शब्द काढला नव्हता, तो माणूस चार लोकांदेखत म्हणाला, "सहदेव, तोंड आवर. तिनं नाय भरलं. ह्या हातानं भरलं."

"कोंडीरामदा, तुमी?" सहदेवची गाडीसुद्धा कोंडीरामच्याच अंगणात वंगणाला यायची. त्याचा आवाजच बसला.

"मीच. मला वाटलं चाक ते चाक. अक्कल नव्हती मला ह्यातली." मग तो पोरीकडं वळला. "तुला ठावं व्हतं?"

आवडीनं होकाराची मान हलवली.

"ठावं असून बोलली नायस? एवढी नोकरी तुझी, आन् बोलली नायस?"

"बाबा, तुमी पयल्यांदाच हात लावला व्हता सायकलीला," आवडी म्हणाली. "मी नको कसं म्हनू?"

कोंडीराम पाठ फिरवून बैलांकडं गेला. जुवाची दोरी नीट होती, ती त्यानं सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. खोटं कशाला सांगू, रडला तो. दुकानात कुणी हसलं नाही. बऱ्याच वेळानं तो परत आला, सहदेवच्या समोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "दाखव मला. पयल्यापासून दाखव."

सहदेवनं दाखवलं. छर्रे दाबून धरणारे आसावरचे कोन कसे आवळायचे, किती ढिले ठेवायचे, छर्रे रॉकेलात कसे धुवायचे. नवे छर्रे ग्रीसमध्ये कोंडीरामनं स्वतःच्या बोटांनी एकेक करून बसवले. आवडी शेजारी बसून पान्हा देत होती. दोघंही शिकले.

दिवाळी झाली आणि पुतळाबाई भट्टीवर गेली. "तीनच महिने ना? जातील की," एवढंच म्हणाली ती. पण आवडीची वाट त्या भट्टीच्या अंगावरून जायची. रोज सकाळी धुरातून बायांची रांग दिसायची, आणि त्या रांगेत आई. आवडीला वाटायचं डोळे मिटून घ्यावेत. पुतळाबाई मात्र पाटीखालून, मान न हलवता ओरडायची, "माज्याकडं काय बघतीस? फुडं बघ, पडशील!" बाकीच्या बाया हसायच्या. आवडी पुढं बघायची आणि जोरात पायडल मारायची.

आणि सायकलीची अशी बडदास्त सुरू झाली की काही विचारू नका. दर रविवारी अंगणात ती उलटी व्हायची. कोंडीराम बसायचा, आवडी बसायची. "बाबा, दोनच थेंब." "ठावं हाय गं, मला शिकवू नको." चेन पुसून, ब्रेकचे रबर बघून, तारा वाजवून बघून मग सोमवारी ती बाहेर पडायची. आणि चव्हाट्यावर आपली फजिती कोंडीराम स्वतःच रंगवून सांगायला लागला. कुणी नवी-जुनी सायकल घेतली की हा तिथं हजर. "वंगन घालशील तर याद राख! मी घातलं व्हतं, माझ्यासारखा येडा नाय दुसरा. आत काय असतंय ठावं हाय का? छर्रे!" गावात सायकली वाढत गेल्या आणि पुढं पुढं लोक त्याही त्याच्या अंगणात आणायला लागले. हब खोलायला मात्र तो आवडीला हाक मारायचा.

माघात एका संध्याकाळी आवडी घरी आली ती सायकल भिंतीला टेकवायचं विसरून, अंगणातच टाकून आत धावली. "आये, नाव लागलं! पक्की झाले मी!" पुतळाबाई चुलीपुढं होती. अख्खं अंग वळवून तिनं पोरीकडं बघितलं, म्हणाली, "बरं झालं गं बाय," आणि पुन्हा कालवण ढवळायला लागली. किती तरी वेळ नुसती ढवळतच होती. कोंडीरामनं बाहेर जाऊन पडलेली सायकल उचलली आणि कुठं लागलं तर नाही ना ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी पुतळाबाई रोजच्यासारखी उठली, भाकर बांधली, पदर खोचला आणि घरभर काहीतरी शोधायला लागली.

"आये, तू निघालीस कुठं?" आवडीनं विचारलं.

"भट्टीवर. अशी एका दिसात सुटते व्हय? हा हंगाम काढते, मग बघू. माझी चुंबळ कुठं ठेवलीस गं? इथंच खुंटीला व्हती."

चुंबळ म्हणजे पाटीखाली डोक्यावर ठेवायची कापडाची गोल वळी. पुतळाबाईनं ती आपल्याच जुन्या लुगड्याची वळून केली होती आणि इतक्या वर्षांत ती दगडासारखी कडक झाली होती. आवडीला माहीत नव्हतं. दोघी शोधत शोधत अंगणात आल्या.

कोंडीराम सायकल उलटी करून बसला होता. वार रविवार नव्हता, तरी बसला होता. त्याच्या हातात एक लांब, मळकट पट्टा होता, वळी सोडून सरळ केलेला, आणि त्यानं तो चेन पुसत होता.

"अवो!" पुतळाबाई ओरडली. "ती माजी चुंबळ हाय!"

"व्हती," कोंडीराम म्हणाला, आणि चेन पुसत राहिला.